एकवीस सेकंदांचा इतिहास

ऑगस्ट २०२४ मधली गोष्ट. थोरल्या ताईकडे गेलो होतो. ताई आष्टी तालुक्यात दिलेली. दोन दिवस राहून परत बीडला यायचं असा बेत होता, पण भाच्यानं थांबवून घेतलं. म्हणाला, "मामा, आज रात्री साबळेची फायनल आहे. तुम्ही थांबाच."

पॅरिसची ऑलिंपिक शर्यत आपल्या घड्याळात रात्री सव्वा वाजता होती. ताईच्या ओसरीवर टीव्ही बाहेर काढून ठेवला होता. आजूबाजूची पंधरा-वीस पोरं, दोन-तीन म्हातारी माणसं, झोपेला आलेली लेकरं. मांडवा गाव आमच्याच तालुक्यातलं. तिथला अविनाश साबळे तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळणार होता. ऑलिंपिकच्या या शर्यतीत पुरुषांच्या अंतिम फेरीत जाणारा तो पहिला भारतीय. आमच्या तालुक्याचं नाव एरवी पेपरात येतं ते टँकरच्या आकड्यांत, नाहीतर ऊसतोडीच्या टोळ्यांच्या बातमीत. त्यामुळे त्या रात्री कुणालाच झोप नव्हती.

शर्यत आठ-सव्वाआठ मिनिटांची. बघता बघता संपली. साबळे अकरावा आला.

पोरं गुपचूप उठून गेली. भाचा टीव्हीची वायर गुंडाळत होता. गुंडाळता गुंडाळताच बोलला, "मामा, इतकं पळून अकरावा. मग आमचं काय होणार? नाही होत माझ्याच्यानं. उद्यापासून बंद."

त्याचं दुखणं मला ठाऊक होतं. त्याच जूनमध्ये पोलीस भरतीच्या ग्राउंडला तो गेला होता. शंभर मीटर, गोळा आणि सोळाशे मीटर. सोळाशेत कमी पडला आणि तीन गुणांनी बाहेर राहिला. घरची दीड एकर कोरडवाहू. दाजी दरवर्षी दसरा-दिवाळी झाली की कोयता घेऊन कारखान्यावर जातात. पोरगा म्हणत होता, यंदा मी पण जातो तोडीला. म्हणजे प्रश्न नुसता पळण्याचा नव्हता.

मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. पोरांना उपदेश करायची सवय हाडात मुरलेली! पण त्या रात्री जिभेवर आलेलं सगळं मी गिळलं. 'प्रयत्नांती परमेश्वर', 'थेंबे थेंबे तळे साचे' ही वाक्यं फळ्यावर सुविचार म्हणून मी शेकडो वेळा लिहिली असतील. रात्री दोन वाजता, तीन गुणांनी हुकलेल्या पोराला ती ऐकवायची हिंमत झाली नाही.

सकाळी चहा झाल्यावर मात्र एक काम केलं. भिंतीवरच्या कॅलेंडरचं जुलैचं उलटलेलं पान काढलं. मोबाइलवर शोधून त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आकडे लिहून काढले. माझ्या धंद्याची सवय म्हणा. काही समजेनासं झालं की सनावळी मांडून बघायची.

पहिली ओळ अशी होती : १९८१, टोकियो, गोपाळ सैनी, ८ मिनिटं ३०.८८ सेकंद.

राजस्थानच्या या धावपटूनं १९८१ मध्ये केलेला हा राष्ट्रीय विक्रम. तो मोडायला ३७ वर्षं लागली. तोवर साबळेचा जन्म (१९९४) होऊन, शाळा होऊन, तो फौजेत जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्या खाली मी लिहीत गेलो, सगळे साबळेचेच आकडे :

सप्टेंबर २०१८, भुवनेश्वर – ८:२९.८०
मार्च २०१९, पतियाळा – ८:२८.९४
ऑक्टोबर २०१९, दोहा, जागतिक स्पर्धेची प्राथमिक फेरी – ८:२५.२३
ऑक्टोबर २०१९, दोहा, तीनच दिवसांनी अंतिम फेरी – ८:२१.३७
मार्च २०२१, पतियाळा – ८:२०.२०
जुलै २०२१, टोकियो ऑलिंपिक – ८:१८.१२
मार्च २०२२, तिरुवनंतपुरम – ८:१६.२१
जून २०२२, रबात – ८:१२.४८
ऑगस्ट २०२२, बर्मिंगहॅम – ८:११.२०
जुलै २०२४, पॅरिस – ८:०९.९१

दहा वेळा. पहिला विक्रम सैनींचा मोडला, नंतरचे नऊ स्वतःचेच. १९८१ ते २०२४ एकूण फरक भरतो २०.९७ सेकंद. एकवीस धरा.

भाचा शेजारी येऊन बसला होता. मी त्याला म्हटलं, "यातली सगळ्यात मोठी उडी कुठली सांग."

त्यानं बोट फिरवलं. दोह्याची अंतिम फेरी, ३.८६ सेकंद. सगळ्यात लहान ०.८६ सेकंद, २०१९ च्या मार्चमधली. बाकीच्या उड्याही एक, दोन, फार तर पावणेचार सेकंदांच्या. एकदम दहा सेकंदांनी पुढे गेला असं कुठल्याच ओळीत नाही.

मग आम्ही दोघांनी मिळून आणखी एक हिशेब केला. सप्टेंबर २०१८ ते जुलै २०२४ या काळातले दिवस मोजले तर एकवीसशेच्या आसपास भरतात. त्या दिवसांत साबळेनं स्वतःच्या वेळेतून १९.८९ सेकंद कमी केले. भागाकार केला तर दिवसाला एक शतांश सेकंदही पडत नाही! शर्यतीचं अधिकृत घड्याळ शतांशापर्यंतच दाखवतं. म्हणजे रोजची सरासरी प्रगती घड्याळात दिसण्याइतकीसुद्धा नव्हती.

आता, रोज अगदी तेवढीच प्रगती होते असं कुणी समजू नये. शरीर काही बँकेचं व्याज नाही. कधी महिनेच्या महिने काटा जागचा हलत नाही, कधी तीन दिवसांत चार सेकंद जातात. पण सरासरी म्हणजे काय याची जाणीव मला त्या कॅलेंडरच्या पानावर पहिल्यांदा नीट झाली. आज पळून आलेल्या माणसाला संध्याकाळी 'आज काय मिळवलंस?' असं विचारलं तर त्याचं खरं उत्तर 'काही नाही' हेच आहे. आणि तरीही ते खोटं आहे.

ज्यांनी ही शर्यत कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. स्टीपलचेस हा मूळचा घोड्यांचा प्रकार. १७५२ मध्ये आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात दोघा जणांनी एका चर्चच्या कळसापासून दुसऱ्या गावच्या चर्चच्या कळसापर्यंत घोडे फेकले, मध्ये येतील ते कुंपण, ओढे, बांध ओलांडत. कळस म्हणजे स्टीपल, त्यावरून नाव पडलं. पुढे माणसं तशीच पळायला लागली. आजच्या तीन हजार मीटरच्या शर्यतीत २८ वेळा अडथळा आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा, अशा ३५ उड्या माराव्या लागतात. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटीमीटर. हर्डल्सच्या शर्यतीतला अडथळा पाय लागला की पडतो, हा पडत नाही. पाय लागला तर माणूसच पडतो.

भाचा म्हणाला, "म्हणजे आपल्या शिवारातून शाळेत जाण्यासारखंच की."

तो गमतीनं म्हणाला, पण फार चूक नव्हतं. मांडव्यात साबळेचं घर आणि शाळा यांत सहा किलोमीटरचं अंतर. वाहनाची सोय नाही. आईवडील शेती करणारे, वीटभट्टीवर काम करणारे. पोरगं ते अंतर कधी चालत, कधी पळत कापायचं. वर्तमानपत्रांनी ही गोष्ट इतक्या वेळा छापली आहे की आता तिची दंतकथा झाली आहे.

मला त्या दंतकथेबद्दल थोडं बोलायचं आहे, कारण ती अर्धीच सांगितली जाते. सहा किलोमीटर पायपीट करून शाळेत गेलेली मुलं मी तीस वर्षं बघितली. माझ्या वर्गात दरवर्षी अशी दहा-बारा तरी असायची. पहिल्या तासाला डुलक्या घ्यायची. त्यांतलं कुणी ऑलिंपिकला गेलं नाही. बहुतेकींची दहावीच्या आत लग्नं झाली, बहुतेक मुलगे आईवडिलांच्या मागे फडात गेले. ती सहा किलोमीटर कुणी हौसेनं चालत नव्हतं. गावाला रस्ता नव्हता, एसटी नव्हती म्हणून चालत होती. गैरसोयीला 'साधना' म्हणायची आपल्याला फार घाई असते, विशेषतः ती गैरसोय दुसऱ्याची असेल तर.

मग फरक कुठे पडला? मला वाटतं तो पुढे पडला.

बारावी झाल्यावर साबळे फौजेत गेला. महार रेजिमेंटची पाचवी बटालियन. २०१३-१४ मध्ये सियाचीनवर होता, मग राजस्थानच्या वाळवंटात, मग सिक्कीममध्ये. म्हणजे उणे तापमानातून थेट वाळूत! स्पर्धेतलं पळणं सुरू झालं २०१५ मध्ये, फौजेच्या आपापसांतल्या क्रॉसकंट्री शर्यतीतून, तेही सोबत्यांनी आग्रह केला म्हणून. तेव्हा तो एकविशीत होता. त्या वयात पुष्कळ धावपटूंच्या खात्यावर पाच-सात वर्षांचा सराव जमा असतो. प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडे वळवलं. मध्ये वजन वाढलं होतं, ते उतरवावं लागलं. २०१८ मध्ये घोट्याच्या दुखापतीनं आशियाई खेळांची पात्रता हुकली. ऑगस्टमध्ये जकार्तात ते खेळ झाले, आणि पुढच्याच महिन्यात त्यानं भुवनेश्वरला सैनींचा विक्रम मोडला.

आता बघा, रोजचं पळणं त्याचं आधीपासूनच होतं. पण ते साठायला लागलं फौजेत गेल्यावर. दोन वेळचं पोटभर जेवण, ठरलेली झोप, डॉक्टर, मैदान आणि घड्याळ घेऊन उभा असलेला माणूस या सगळ्या गोष्टी मिळाल्यावर.

'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण ज्यानं केली तो बहुधा कोकणातला असावा! आमच्याकडे थेंब पडतो, पण तळं साचत नाही. वाहून जातं, नाहीतर उन्हानं उडून जातं. तळं साचायला आधी कुणीतरी बांध घालावा लागतो.

याचं उत्तम उदाहरण बीड शहराजवळच आहे. खजाना विहीर. निजामशाहीच्या काळात, १५८० च्या दशकात, सलाबतखानाच्या कारकिर्दीत राजा भास्कर या कारागिरानं ती बांधली. झरे आपले रोज पाझरतात, त्यांचा काही मोठा धबधबा नाही. पण जमिनीखालून दगडी पाट काढून ते पाणी उतारानं बलगुजारच्या शेतांपर्यंत नेलं. मोट नाही, पंप नाही. सव्वाचारशे वर्षांहून अधिक काळ तिचं नाव आहे, आणि दुष्काळातही न आटणारी अशी तिची ख्याती. मी दरवर्षी आठवीची सहल तिथे नेत असे. तेव्हा पोरांना 'कोणी बांधली, कधी बांधली' एवढंच पाठ करायला लावलं. खरा धडा पाझर आणि पाट यांच्यातल्या नात्याचा होता, तो मी कधी शिकवलाच नाही. नुसता पाझर असता तर चिखल झाला असता, आणि नुसता पाट असता तर त्यातून धूळ वाहिली असती.

असो. भाच्याला मी एवढं सगळं सांगितलं नाही. त्यानंच मला अडवलं.

म्हणाला, "मामा, साबळे एकच असतो. आमच्या सडकेवर पहाटे दीडशे पोरं पळतात. जागा किती निघतात? दीडशेतली पाच लागतील. बाकीच्यांनी रोज पळून काय केलं?"

हा प्रश्न खरा आहे. आमच्या भागातल्या कुठल्याही सडकेवर पहाटे पाचला जा, अंधारात पोरं-पोरी पळताना दिसतील. बॅटरीच्या उजेडात कुणीतरी मोबाइलवर वेळ लावत असतं. ही सगळी कष्टाळू आहेत. त्यातली पुष्कळ सातत्यानं पळतात आणि तरी राहतात. त्यांना 'तुझेच प्रयत्न कमी पडले' म्हणणं हे पाप आहे असं मला आता वाटतं. शिक्षक असताना मी ते पुष्कळदा केलं.

मी त्याला एवढंच म्हटलं, "अरे, जागा किती निघाव्यात ते तुझ्या हातात नाही, माझ्याही नाही. मी तुला फक्त एक विचारतो. तू भरतीच्या आधी किती दिवस पळालास?"

तो गप्प बसला. मग म्हणाला, "जाहिरात आल्यापासून. तीन महिने."

"आणि त्याच्या आधी?"

"आधीची भरती झाल्यावर सोडलं होतं."

इथे मला आमच्या रेल्वेची आठवण झाली. नगर-बीड-परळी रेल्वेमार्ग १९९५ च्या सुमारास मंजूर झाला. २६१ किलोमीटरचा. आष्टीपर्यंत गाडी आली ती सप्टेंबर २०२२ मध्ये. (बीडला तर ती १७ सप्टेंबर २०२५ ला पोचली, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. आमच्या आजोबांच्या पिढीतली स्टेशनची जागा बघून ठेवणारी माणसं तोवर गेलीसुद्धा.) काम चालूच नव्हतं असं नाही, थोडं थोडं चालू होतं! निधी आला की माती पडायची, निधी थांबला की त्या भरावावर बाभळी उगवायच्या. 'थोडं थोडं' आणि 'रोज थोडं' या दोहोंत केवढं अंतर आहे ते बीड जिल्ह्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. खंड पडला की पुढचं काम आधीच्या बाभळी काढण्यापासून सुरू करावं लागतं.

भाच्याच्या पळण्याचं तसंच झालं होतं. जाहिरात आली की माती, निकाल लागला की बाभळी.

पान मी त्याच्याकडे दिलं आणि म्हटलं, "आता दुसऱ्या बाजूनं वाच. या दहा ओळींत कुठे 'पहिला' लिहिलंय का बघ."

दोह्याच्या अंतिम फेरीत साबळे तेरावा होता. प्राथमिक फेरीत त्याला अडथळा झाला होता, भारतानं दाद मागितली म्हणून अंतिम फेरीत जागा मिळाली. टोकियो ऑलिंपिकला तो प्राथमिक फेरीतच सातवा, बाहेर. आणि त्याच दिवशी राष्ट्रीय विक्रम! जुलै २०२४ चा ८:०९.९१ हा त्याचा सर्वांत चांगला आकडा, त्या शर्यतीत तो सहावा होता. लोकांनी 'सहावा' वाचलं, त्यानं स्वतः बहुधा ८:०९ वाचलं असेल. आपल्या पुढे कितीजण आहेत हे दुसऱ्यांच्या पळण्यावर अवलंबून असतं. घड्याळ तेवढं आपलं असतं.

आणि जिथे घड्याळ आणि क्रमांक दोन्ही जुळले ती बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल शर्यत. १९९८ ते २०१८ या सलग सहा स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदकं केनियानं नेली होती. २०२२ मध्ये त्या रांगेत साबळे घुसला. रौप्य. सुवर्ण विजेत्या अब्राहम किबिवोटची वेळ ८:११.१५, याची ८:११.२०. पाच शतांश सेकंदांचा फरक. त्या वेगानं हे अंतर तीस सेंटीमीटर भरतं. शाळेच्या दप्तरातली फूटपट्टी असते ना, तेवढं.

तीन हजार मीटरमध्ये एक फूटपट्टी!

भाचा पहिल्यांदा हसला. म्हणाला, "मामा, माझेपण तीनच गुण होते."

पुढच्या वर्षी, २०२३ च्या ऑगस्टमध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत साबळे अंतिम फेरीतसुद्धा पोचला नाही. वर्तमानपत्रांनी लिहायचं ते लिहिलं. त्यानंतर सहा आठवड्यांनी, १ ऑक्टोबरला, हांगझोच्या आशियाई खेळांत त्यानं ८:१९.५० वेळेत सुवर्ण जिंकलं. या शर्यतीतलं भारतीय पुरुषांचं आशियाई खेळांतलं ते पहिलं सुवर्ण. त्या सहा आठवड्यांत पायात नवं काही येत नाही. आधीच्या पाच वर्षांचं साठलेलं होतं, ते एक वाईट दिवस गेल्यानं नाहीसं झालं नव्हतं, एवढंच.

इतिहास शिकवताना आम्ही लढाईची तारीख सांगतो, राज्याभिषेकाची तारीख सांगतो. मधले दिवस पाठ्यपुस्तकात मावत नाहीत. परीक्षेलाही येत नाहीत. त्यामुळे पोरांची समजूत होते की इतिहास तारखांना घडतो. मीच ती समजूत पक्की केली. साबळेच्या यादीत दहा तारखा आहेत, आणि मध्ये दोन हजारांहून जास्त दिवस आहेत ज्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. पहाटे उठला, पळाला, जेवला, झोपला. त्या दिवसांची बखर कोण लिहिणार?

म्हणून निघताना मी आष्टीच्या दुकानातून शंभर पानी वही घेतली आणि भाच्याला दिली. म्हटलं, "यात रोज एक ओळ लिही. पळालास तर किती, नाही पळालास तर का नाही. खोटं लिहू नको. भरती लागो न लागो, वही भरल्यावर मला दाखव. तोडीला जायचं की नाही ते तुझं आणि दाजींचं. मी त्यात पडत नाही."

ताई दारातून म्हणाली, "दादा, तू एवढं सांगतोस, तू स्वतः कधी पळालास का रे?" सगळे हसले. बरोबर होतं तिचं.

यानंतरचं थोडं सांगून संपवतो.

जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत साबळे पाण्याच्या उडीशी पडला. गुडघ्याचा स्नायुबंध फाटला, शस्त्रक्रिया झाली, सप्टेंबरमधली टोकियोची जागतिक स्पर्धा गेली. मे महिन्यातच त्यानं दक्षिण कोरियात आशियाई अजिंक्यपद जिंकलं होतं. बातमी वाचली आणि वाईट वाटलं. ज्यांनी घरात अशी शस्त्रक्रिया पाहिली आहे त्यांना माहीत असेल, त्यानंतर गुडघा किती अंश वाकतो ते मोजत बसावं लागतं. आज पाच अंश जास्त, उद्या तेवढाच. ज्या माणसानं सेकंदाचे शतांश गोळा केले त्याला आता अंश गोळा करायचे. पुन्हा ८:०९ होईल की नाही कोण सांगणार? पण कसं करायचं हे मात्र त्याला कुणी शिकवायची गरज नाही.

आणि वही?

भाचा त्या वर्षी तोडीला गेला नाही. ताईकडची म्हैस आणि दीड एकर सांभाळली, पहाटे पळाला. वही भरायला तीन-साडेतीन महिने पुरेसे होते, त्यानं पाच घेतले. मला आणून दाखवली. मी तपासनीसासारखी पानं उलटली. "६ किमी." "६ किमी. पाय दुखतो." "आज नाही. म्हैस व्याली." "आज नाही. कंटाळा." "१६००, ५ मि. ३८." "आज नाही. आईला दवाखान्यात नेलं." "६ किमी. थंडी." पान पान हेच. कुठेही काही घडलेलं नाही. शेवटच्या पानाच्या आसपास '१६००, ५ मि. २६' असं होतं आणि त्याखाली रेघ मारलेली.

बारा सेकंद. पाच महिन्यांत.

मी काही बोललो नाही. माझ्या पिशवीत दुसरी वही होती, ती काढून दिली. त्यानंही काही न बोलता घेतली. आता तिसरी चालू आहे. सोळाशे मीटर पाच मिनिटं सतरा सेकंदांवर आलंय. त्याला आणखी सात सेकंद हवेत असं तो म्हणतो. नोकरी अजून नाही. लागेल की नाही मला ठाऊक नाही, आणि इथे 'लागेलच' असं लिहून तुमचं समाधान करायची माझी इच्छा नाही. दोन गोष्टी मात्र घडल्या आहेत. गावातली सहा-सात पोरं-पोरी आता त्याच्याबरोबर पळतात आणि त्यांच्याही वह्या आहेत. वेळ तोच लावतो. म्हणजे घड्याळ घेऊन उभा राहणारा माणूस त्या सडकेला मिळाला. बांधाचा एक दगड बसला म्हणायचा.

दुसरी गोष्ट माझ्याबद्दलची. ताईचा टोमणा लागला होता. बीडला घरी आल्यावर मीही एक वही घातली. पळायचं वय गेलं, मी चालतो. सकाळी बिंदुसरेच्या काठाकाठानं, चाळीस मिनिटं. वहीत बहुतेक ओळी सारख्याच आहेत. "चाललो." "चाललो." "पाऊस. नाही." "चाललो."

तीस वर्षं दुसऱ्यांच्या तारखा पाठ करून घेतल्या. आता ही माझी बखर.